कपाळावरची खोक

आमच्या मामंजींचा आवाज आधी घरात यायचा आणि मामंजी नंतर. गल्लीच्या कोपऱ्यावरनंच सुरू व्हायचं, "ए, त्यो बैल कुनी सोडला रं? दाराम्होरं ह्यो चिखल कसला? चहा टाका!" आणि एवढं सगळं विचारून झाल्यावर स्वारी उंबऱ्यात उगवायची. तोवर घरात पळापळ होऊन गेलेली असायची. मी वाईची. माझे वडील शाळामास्तर, आमच्याकडे भांडणसुद्धा खालच्या आवाजात व्हायचं. लग्न होऊन इस्लामपूरकडच्या त्या गावात आले, तेव्हा कितीतरी दिवस मला वाटायचं, हा माणूस माझ्यावरच चिडलाय. मग कळलं की ते कुणावर चिडलेले नसत. त्यांचं बोलणंच तसं.

फौजेतून सुभेदार होऊन पेन्शनीवर आलेले. सगळं गाव त्यांना सुभेदारच म्हणे. पहाटे उठून अंथरुणाची घडी स्वतः घालायचे, आणि ती घडी अशी की कोपऱ्याला कोपरा. धोतर गादीखाली दाबून ठेवायचे, म्हणजे इस्त्री नको. जेवायला बसले की चार घासांत ताट रिकामं. मी वाढायला वळायच्या आत ते उठलेले असत. "मामंजी, जरा सावकाश जेवा की," म्हटलं तर म्हणायचे, "दुश्मन थांबतो व्हय गं कुनासाठी?" आमच्या दारात कुठला आलाय दुश्मन! पण हे त्यांना कोण सांगणार?

त्यांच्या हातात सदान्कदा काहीतरी लागायचं. अडकित्ता, काठी, चाबूक, नाहीतर गोठ्यातलं दावं. हात रिकामे पडले की त्यांना काय करावं सुचत नसे, आणि मग दोन्ही हात आपोआप मांड्यांना चिकटायचे. घरातल्या घरात सावधान! लग्नात कुणी अक्षता हातावर ठेवायला विसरलं, तर मामंजी मांडवात सावधान उभे. आम्ही सुना तोंडाला पदर लावून हसायचो.

आणखी दोन गोष्टी होत्या, त्यांचा अर्थ मात्र मला लावता येत नव्हता.

एक, तो कप. फौजेत नेमबाजीत मिळालेला भलामोठा पितळी कप. दुसऱ्या कुणाच्या घरी तो बैठकीत मांडला असता. आमच्याकडे तो माळ्यावर, आणि त्यात आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, भोपळ्याचं बी. एकदा आमच्या ह्यांनी तो चिंचेनं घासून लख्ख केला आणि सोप्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवला. मामंजींनी बघितला. ओरडले नाहीत, हेच नवल. स्वतः शिडी लावली, कप पुन्हा माळ्यावर टाकला, आणि खाली उतरून शेताकडे निघून गेले. त्यांच्या नेमाचं कुणी कौतुक केलं की ते असेच उठून जायचे.

दुसरी गोष्ट दगडाची. पोराच्या हातात दगड दिसला की ह्या माणसाचं डोकं फिरायचं. माझा मुलगा बंडू एकदा चिंचा पाडायला दगड मारत होता. कुठलं पोर मारत नाही? मामंजींनी त्याचं मनगट असं धरलं की पोर ओरडायलाही विसरलं. मग जेवढे दगड त्यानं गोळा केले होते, ते सगळे त्याला सदऱ्यात घेऊन नदीवर नेऊन टाकायला लावले. मला राग आला होता. मी आत्याबाईंना म्हटलं, "चिंचेच्या झाडाला लागलं म्हणून एवढं?" आत्याबाई म्हणाल्या, "तू नको बोलूस त्येच्यात." आणि चुलीत फुंकर मारत बसल्या.

तर असा हा माणूस. तो एके दिवशी ग्रामसभेत उठून म्हणाला, "राघू मास्तरांचा पुतळा व्हनार. एसटी स्टँडाम्होरं व्हनार. कुनाला काय बोलायचं असंल तर आत्ता बोला." कोण बोलतंय!

राघू मास्तर कोण, ते सांगायला पाहिजे. इंग्रजांच्या काळात आमच्या गावच्या महारवाड्यातल्या शाळेवर ते शिकवायला होते, त्यांच्यातलेच. गावात पायऱ्यांची एक मोठी विहीर आहे, बारव म्हणतात तिला. सरकारच्या खर्चानं बांधलेली, सगळ्या गावासाठी. पण सगळ्या गावात ती माणसं धरलेली नव्हती. मास्तरांनी अर्ज केले, विनवण्या केल्या, आणि शेवटी एक दिवस आपली माणसं, बायकापोरं बरोबर घेऊन सरळ बारवेच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीनं पाणी प्याले. वर काठावर गाव जमलं होतं. वरनं दगड आले. एक मास्तरांच्या कपाळाला लागला आणि रक्त पाण्यात पडलं. गावानं मग बारवेत गोमूत्र ओतून तिला शुद्ध करून घेतलं. रक्तानं नव्हे बरं का, मास्तरांच्या ओंजळीनं बाटली होती ती! दुसऱ्या दिवशी मास्तर डोक्याला फडकं बांधून पुन्हा पायऱ्या उतरले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. साताऱ्याच्या कोर्टात खटला चालला आणि बारव सगळ्यांना खुली झाली. पुढं हा माणूस जन्मभर गावोगाव हेच करत हिंडला. त्यांच्यामुळं साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कितीतरी पाणवठे खुले झाले.

मी लग्न होऊन आले, तेव्हा मास्तरांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मागं त्यांची बायको सोनाक्का होती, आणि प्रकाश नावाचा पुतण्या, इस्लामपूरच्या कॉलेजात शिकणारा. पुतळ्याची मागणी प्रकाशची आणि त्याच्या मित्रांची. पंचायत नुसती पुढच्या बैठकीत बघू म्हणत होती. मध्येच मामंजी उठले आणि ओरडून ओरडून कमिटीचे अध्यक्ष झाले. गावात सगळे म्हणाले, म्हातारा आता इलेक्शनला उभा राहणार.

कमिटीच्या बैठका आमच्या सोप्यात. सरपंच, मामंजी, प्रकाश आणि आणखी दोघंतिघं. चहा मी करायची. आता आमच्या बाहेरच्या दाराशी भिंतीत एक देवळी होती आणि त्या देवळीत दोन कपबशा पालथ्या ठेवलेल्या असायच्या, कडा उडालेल्या. त्या 'तिकडच्या' माणसांसाठी. आपण वरून चहा ओतायचा, त्यांनी प्यायचा, कप आपल्या हातानं विसळायचा आणि पुन्हा पालथा घालायचा. त्या वेळी घराघरात होत्या अशा. पहिल्या बैठकीला प्रकाशनं देवळीतली कपबशी घेतली, मी चहा ओतला, तो प्याला, विसळली, पालथी घातली आणि परत येऊन सोप्याच्या कडेला बसला. पुतळ्याखाली काय कोरायचं ते चाललं होतं. सरपंच म्हणत होते, "समतेचे पुजारी, असं लिहा." कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. मामंजी तेवढे आढ्याकडे बघत सुपारी कातरत होते. खायला कुणी नसताना सुपारीचा ढीग झाला होता.

दुसऱ्या बैठकीला प्रकाश म्हणाला, "वहिनी, मला नको. मी चहा सोडलाय." बोलला हसतच. मामंजी अडकित्ता ठेवून आत आले. आत्याबाईंना म्हणाले, "त्येला आपल्यातनं द्या."

"आपल्यातनं म्हंजी?"

"आपल्या कपातनं."

आत्याबाईंनी पदर खोचला. "म्या हाय तवर न्हाई. पुतळा गावात बसवा, न्हाईतर देवळाच्या कळसावर बसवा. माझ्या फळीवरच्या कपाला हात लावायचा न्हाई."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. ज्या माणसाच्या आवाजानं बैल बिचकायचे तो माणूस खाली मान घालून बाहेर गेला, आणि म्हणाला, "हितनं म्होरं मीटिंगीत कुनालाच चहा न्हाई. टाइम जातो." झालं! कमिटीचा चहा बंद. सरपंच पुढं कितीतरी दिवस कुरकुरत होते की सुभेदार एवढा बागायतदार, पण हात आखडता.

पुतळ्याचं काम सांगलीच्या एका मूर्तिकाराला दिलं. त्यांना सगळे आर्टिस्ट म्हणायचे. गणपतीच्या दिवसांत गणपती, एरवी चौकाचौकातले वीरपुरुष. त्यांनी पहिलं चित्र काढून पाठवलं, त्यात राघू मास्तरांना फेटा, कल्लेदार मिशा आणि कमरेला तलवार! मामंजींनी ते चित्र धरून पहिल्या एसटीनं सांगली गाठली. काय बोलले असतील ते मला घरबसल्या ऐकू आलं. मास्तर उघड्या डोक्यानं हिंडायचे, मिशी नव्हती, आणि हातात धरलीच कधी तर पोरांची पाटी. पण आर्टिस्ट तरी काय करणार? मास्तरांचा फोटोच नव्हता. होता तो एक, कृष्णेच्या पुरात गेला. मग मामंजी दर आठवड्याला सांगलीला जायला लागले, चेहरा सांगायला. ते समोर स्टुलावर बसून सांगायचे, नाक असं, हनुवटी अशी, आणि आर्टिस्ट मातीत हात घालून त्यांच्याकडे बघत बघत ऐकायचे. कपाळाबद्दल विचारलं की मामंजी म्हणायचे, "ते मागनं बगू."

मातीचा पुतळा तयार झाल्याचा निरोप आला. पुढचं काम करायच्या आधी घरच्या माणसानं बघायला हवा, म्हणून सोनाक्काला न्यायचं ठरलं. प्रकाशची परीक्षा होती. बाईमाणूस बरोबर हवं म्हणून मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, तू चल." मी एका पायावर तयार. सांगलीला जायचं म्हणजे गणपतीचं दर्शन होणार होतं.

सोनाक्का उंच, वाळलेली, नऊवारी नेसलेली. बोलणं तोडून. मामंजींना सुभेदार म्हणायची, पण पुढं 'जी' लावायची नाही. एसटीत आम्हा दोघींना जागा मिळाली. पुढच्या थांब्याला आमच्या शेजारचा माणूस उतरला. मी सरकले, म्हटलं, "मामंजी, बसा." ते बसले नाहीत. दांडीला धरून सांगलीपर्यंत उभे. गुडघा दुखत होता, ते मला दिसत होतं. मी पुन्हा म्हटलं, तर खेकसले, "उभं ऱ्हायाची सवय हाय मला!" सोनाक्का खिडकीतून उसाकडे बघत बसली होती.

आर्टिस्टच्या अंगणात सगळीकडे गणपतींचे साचे. मधे लाकडी चौथऱ्यावर ओलं फडकं गुंडाळलेला तो मातीचा अर्धपुतळा. आर्टिस्टनी मोठ्या झोकात फडकं काढलं. सोनाक्का पुढून बघून आली, बाजूनं बघून आली, पुन्हा पुढं येऊन उभी राहिली.

"ह्ये कोन?" ती म्हणाली.

"आजी, असं काय करता? तुमचे मालक!"

"ह्ये माजं मालक न्हवंत." तिनं मामंजींकडे बोट केलं. "ह्ये हे हायेत. ह्ये तुमीच की, सुभेदार."

मी बघितलं. खरंच की हो! मिशी तेवढी काढली होती. बाकी तेच जाड नाक, तीच पुढं आलेली हनुवटी, डोळ्यांखालच्या त्याच पिशव्या. आमचे मामंजी! आर्टिस्ट हात पुसत गडबडीनं सांगायला लागले, "त्याचं काय आहे, फोटो नसला की असं होतं. समोर जो माणूस बसतो, हात आपोआप त्याच्याकडे ओढला जातो. आणि अध्यक्षांचा चेहरा कसा दमदार आहे! लोकांना काही कळणार नाही."

मामंजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते स्वतःच्याच त्या मातीच्या तोंडाकडे बघत होते.

सोनाक्का आर्टिस्टना म्हणाली, "आनि कपाळावरची खोक कुठं हाय?"

"खोक? आजी, पुतळ्यात असलं काही दाखवत नसतात. बरं दिसत नाही."

तेवढ्यात मामंजी पुढं झाले. चौथऱ्यावर आर्टिस्टची लाकडी कोरणी पडली होती, ती उचलली. डाव्या भुवईच्या वर टेकवली आणि तिरकी वर नेली, पार केसांपर्यंत. माती बाजूला झाली. कुणाला विचारलं नाही की थांबून अंदाज घेतला नाही. आर्टिस्ट "अहो, अहो" म्हणेपर्यंत झालंसुद्धा.

सोनाक्का म्हणाली, "कुठनं कुठवर हाय, ते बराबर ध्यानात हाय तुमच्या."

"म्याच मारला व्हता दगड," मामंजी म्हणाले. एवढ्या खाली आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "मिसरूड फुटत व्हतं मला. थोरली मान्सं म्हनली, दगड घ्या. समद्यांनी घेतलं. समद्यांचं चुकलं. माजा नेम चांगला व्हता, सोनाक्का. माजा न्हाई चुकला."

म्हणजे तो कप, ती चिंच, बंडूच्या सदऱ्यातले दगड.

"ठावं हाय मला," सोनाक्का म्हणाली.

मामंजींनी वर बघितलं.

"त्येंनी मान वर केली तवा तुमचा हात अजून वरच व्हता. घरी येऊन मला नाव सांगितलं त्येंनी. कोर्टात न्हाई सांगितलं. म्या लय भांडले. तर म्हनले, पोरगं हाय, जेलात गेलं तर वाया जाईल. तुमी फौजंत गेला त्ये कळलं, तवा म्हनले, बरं झालं, मार्गी लागलं."

मामंजींच्या हातातून कोरणी पडली. आणि त्यांचे दोन्ही हात मांड्यांना चिकटले.

"त्ये गेल्यावर म्या वाट बगितली," सोनाक्का म्हणाली. "पेन्शनीवर आला तवा वाटलं, आता येतील. रोज माझ्या दारावरनं मळ्याकडं जायचा तुमी."

"आता सांगितलं न्हवं, सोनाक्का."

"मला सांगून काय उपेग? मला ठावं व्हतंच की. गावाला सांगा. त्या दिशी समदं गाव व्हतं तितं."

मामंजी म्हणाले, "सांगतो. पुतळा उगडतील तवा सांगतो. समद्यांच्या म्होरं."

सोनाक्कानं मग आर्टिस्टजवळ बसून चेहरा सांगितला. नाक बारीक, कान मोठे, गाल बसलेले. खोक मात्र मामंजींनी काढली तिथंच राहिली. गणपतीचं दर्शन राहून गेलं. परत येताना एसटी रिकामीच होती, तरी मामंजी उभेच.

कार्यक्रमाचा दिवस ठरला आणि घरात एक वेगळंच सुरू झालं. सकाळी धारा काढायच्या वेळी गोठ्यातून मामंजींचा आवाज यायचा, "बंधू आनि भगिनींनो! हा जो दगड..." म्हशीपुढं भाषणाची तालीम. म्हैस रवंथ करत ऐकायची. कधी "हा जो दगड" पाशी अडकायचे, पुन्हा पहिल्यापासून. मला हसू यायचं आणि हसता हसता रडूही यायचं. आमच्या ह्यांना कळलं, तेव्हा ते चिडले. "आबा, झालं गेलं गंगेला मिळालं. आता घराण्याची अब्रू चव्हाट्यावर का मांडताय? आमाला ह्या गावात ऱ्हायाचंय." आत्याबाई तर देवघरातून बाहेरच येईनात. ज्या थोरल्यांनी दगड घ्या म्हटलं होतं, त्यांतले एक आत्याबाईंचे वडील होते, हे मला त्या दिवसांत कळलं.

स्टँडसमोर मांडव पडला. कर्णे लागले, बाहेरून पाहुणे आले. सोनाक्कानं दोरी ओढली, कापड खाली आलं, आणि राघू मास्तर दिसले. उघडं डोकं, बसलेले गाल, आणि कपाळावर ती खोक. टाळ्या थांबता थांबेनात. म्हातारी माणसं रडत होती. टाळ्या थांबल्या तेव्हा एक लहान पोरगी मोठ्यानं म्हणाली, "आई, ह्येला लागलंय काय गं?"

आणि अध्यक्ष बोलायला उठले.

"बंधू आनि भगिनींनो," मामंजी म्हणाले. कर्णा घुमला. मी बायकांत बसले होते. "हा जो... ही जी खोक..." ते थांबले. समोर सगळं गाव. पुढच्या रांगेत सोनाक्का, हात गुडघ्यांवर, त्यांच्याकडे बघत. मी मनात म्हणत होते, म्हणा, मामंजी, म्हणून टाका. त्यांचे हात मांड्यांना चिकटले. "पूर्वीच्या काळात," ते म्हणाले, "गावातल्या काही मान्सांकडनं... काही चुका झाल्या असतील. त्या आता इसरून... समद्यांनी एकीनं ऱ्हावं. जय हिंद." आणि बसले.

टाळ्या पडल्या. सरपंचांनी हार घातला. आमच्या ह्यांनी सुस्कारा सोडला, तो मला पलीकडून दिसला. सोनाक्का उठली, चपला हातात घेतल्या आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात आवाज म्हणून उरला नाही. मामंजी कोपऱ्यावरून ओरडत येईनात. येऊन सोप्यात बसलेले असायचे आणि आम्हाला पत्ताच नसायचा. ताटात भाकरी तशीच. लाथाडल्यासारखं तोंड झालं होतं बिचाऱ्याचं. मला त्या ओरडण्याचा एवढा वैताग यायचा, पण खरं सांगते, तेव्हा वाटलं, एकदा तरी हा माणूस चिखलावरून शिव्या देऊ दे.

मग काही दिवसांनी ते रोज सकाळी उठून स्टँडवर जायला लागले. पुतळ्याच्या कट्ट्यावर बसायचे आणि दुपारी परत यायचे. मी समजले, माणसांत बसतात, बरं आहे. पुढं मला माहेरी वाईला जायचं होतं. पिशवी घेऊन मी स्टँडवर उभी, बायकांच्या घोळक्यात. मामंजींना मी दिसले नव्हते. परगावचा एक माणूस ताकारीच्या एसटीची वाट बघत कट्ट्यावर टेकला आणि सहज म्हणाला, "कुनाचा वो पुतळा?"

मामंजींनी सांगितलं. बारव, पाणी, कोर्ट, सगळं.

"आनि कपाळावर ते काय?"

"ती खोक. म्या दगड मारल्याला. म्या सवता. ह्या हातानं."

त्या माणसाला कुठं बघावं कळेना. हसावं तर पंचाईत, उठावं तर पंचाईत. "बरं, बरं," म्हणाला, आणि इस्लामपूरची गाडी आली तशी पळाला. त्याला जायचं होतं ताकारीला! मामंजी दुसरा कुणी येऊन टेकायची वाट बघत बसले.

महिना-दोन महिन्यांत ते सगळ्या भागात झालं. कंडक्टर एकमेकांना सांगायचे. आमच्या ह्यांना कारखान्यावर माणसं विचारायला लागली. हे घरी येऊन कडाडले, "आबा, बास करा आता! लोक याड लागलं म्हनत्यात!"

"म्हनू देत," मामंजी म्हणाले. "सभेत जीभ उचलली न्हाई माजी. लढाईत न्हाई भ्यालो, पर तितं भ्यालो. एकेकाला सांगाय येतंय मला. तर एकेकाला सांगतो. हळूहळू गाव हुईल पुरं."

गावातली त्यांच्या वयाची दोन-तीन म्हातारी माणसं मात्र स्टँड टाळून मागच्या वाटेनं मळ्याकडं जायला लागली. त्यांचे दगड चुकले होते म्हणून काय झालं?

मग प्रकाशनं मला एक दिवस सांगितलं, "वहिनी, सुभेदार आमच्याकडं येतात. आठवड्यातनं एकदोनदा. ओट्यावर बसतात."

"सोनाक्का काय म्हणते?"

"काही नाही. चहा देते. आपल्या कपात." तो जरा थांबला. "पिऊन झाला की ते उठतात. रांजणाजवळ बसून कप विसळतात आणि बाहेरच्या वळचणीला पालथा घालतात. पहिल्यांदा मी म्हटलं, अहो, हे काय करता, तर आक्कानं मला डोळ्यांनी गप्प केलं. ती बघत बसते."

त्याच दिवशी मी आमच्या देवळीतल्या त्या दोन कपबशा उकिरड्यावर टाकल्या. आत्याबाईंनी बघितलं. मामंजी तिकडचा चहा पितात हे त्यांना माझ्याआधीच कळलं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी मामंजींचं ताट सोप्यात वाढायला सुरुवात केली होती, आणि मामंजी मुकाट सोप्यात जेवत होते. मला मात्र आत्याबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत.

पुढं आमच्या ह्यांना शिरवळला नोकरी लागली. आम्ही बिऱ्हाड हलवलं आणि त्याच हिवाळ्यात मामंजी गेले, शेतात, उभ्या उभ्या. मी जवळ नव्हते. म्हणून मी त्यांना शेवटचं बघितलं ते निघायच्या आदल्या दिवशी.

पुरणपोळी केली होती, आणि त्यांचा पत्ता नव्हता. मी बोलवायला सोनाक्काकडं गेले. अंगणाच्या तोंडाशीच थांबले. मामंजींचा चहा संपला होता. गुडघ्यावर हात रोवून ते कसेबसे उठले आणि कप घेऊन रांजणाकडं वळले. सोनाक्का ओट्यावरून खाली आली आणि तिनं त्यांच्या हातातली कपबशी धरली.

"द्या हिकडं. म्या इसळते."

"न्हाई सोनाक्का, माजं मला—"

"काल कराडची एक बाई आल्ती माझ्याकडं. तुमी तिला स्टँडवर सांगितलं म्हनं." ती कप ओढत म्हणाली. "सोडा की आता. घरातल्या भांड्यांत लावायचा हाय मला. किती दिस वळचणीला ठिवू?"

ती कप घेऊन आत गेली. मामंजींचे हात रिकामे झाले. काठी ओट्याला टेकवलेली होती, पण ती घ्यायचं त्यांना सुचलं नाही. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ते अंगणाच्या मधोमध उभे होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही त्यांनी पुसलं नाही. आत सोनाक्का भांडी लावत होती. तो आवाज थांबेपर्यंत मामंजी तसेच उभे होते.